लाकडी बाई

"परत हललीस!" तो कॅमेऱ्यामागून ओरडला.

बायको स्टुलावर उभी होती. पाठ मागच्या तिरक्या फळीला टेकलेली, छाती पुढे, एक हात छातीवर, नजर दूर कुठेतरी. जुन्या जहाजांच्या अगदी पुढच्या टोकाला लाकडाची बाई कोरून बसवत, तसा फोटो त्याला हवा होता. त्यासाठी तिचे केस खळ फासून चापूनचोपून बसवले होते. पदरालाही खळ होती. बिचारीला नाक खाजवायचीसुद्धा चोरी.

ती खाली उतरली आणि त्याच्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावली. थोडा वेळ बघत राहिली.

"हलले असेन," ती म्हणाली.

"असेन काय? हललीसच! ही पापणी बघ, बोटानं पुसल्यासारखी दिसतेय."

"बरं. आता नाही हलणार."

एके काळी त्याच्या फोटोत भुवईचा केस न केस वेगळा दिसायचा. नाव झालं ते त्यावरच. पण गेली दोन वर्षं एकाही प्रदर्शनात त्याचा फोटो निवडला गेला नव्हता. उद्या सकाळी हा फोटो पाठवायचा होता. या वेळी जमलं नाही तर स्टुडिओला कायमचं कुलूप, असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं. बोलून गेला खरा, पण त्या बोलण्याची त्याला स्वतःलाच धास्ती वाटत होती.

या फोटोसाठी आधी दोन मुली येऊन गेल्या होत्या. दोघींच्या अंगात किडे. दुसरी तर वर तोंड करून भांडली, तेव्हा त्यानं तिला दार दाखवलं. बायको निदान उलट बोलत नव्हती.

त्यानं दिवा बदलून मोठा लावला. लेन्स पुसली. पुन्हा फोटो काढला, पुन्हा तेच. आता त्याचं डोकं सणकलं.

"अगं, श्वास तरी रोखून धरशील की नाही?"

"धरला होता हो."

"मग हे काय आहे?"

तिनं आत जाऊन चहा करून आणला आणि कपाचा कान नेमका त्याच्या बोटांशी येईल असा कप ठेवला. चहा पिऊनही त्याचा राग उतरला नाही.

कोपऱ्यात खरी लाकडी बाई भिंतीला टेकून होती. नाकाचा टवका उडालेली, गालावरचा रंग सुटलेला. नमुना म्हणून जुन्या सामानाच्या दुकानातून मागून आणलेली. हल्ली गाडी बायकोच चालवायची, तिनंच ती गोधडीत गुंडाळून आणली होती. त्याची नजर त्या लाकडी बाईवर गेली आणि तो ताडकन उठला.

"थांब. हिलाच उभी करतो. कॅमेरा ठीक आहे, दिवा ठीक आहे, हे एकदाचं तुला कळू दे. मग बोलू."

"अहो, नको!" बायको मध्ये आली. "जड आहे ती. कंबर धरेल तुमची."

"सरक बाजूला."

"मी उभी राहते ना. अगदी पुतळ्यासारखी राहते. एकदाच, माझं ऐका."

तिचा आवाज कापला. सकाळपासून इतकी बोलणी खाल्ली, तेव्हा नाही कापला तो. त्याला जरा नवल वाटलं, पण आता तो इरेला पेटला होता. धापा टाकत त्यानं लाकडी बाई स्टुलावर चढवली, फळीला टेकवली, सुतळीनं बांधली. बायको मुकाट्यानं खुर्चीत बसली आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

त्यानं बटण दाबलं. कॅमेरा घेऊन खिडकीपाशी गेला, उजेडात पडदा डोळ्यांजवळ धरला आणि चेहरा मोठा करून पाहिला.

लाकडी बाईही हलली होती.