लाल फुली

शिक्षकांच्या प्रशिक्षणात सरांनी फळ्यावर सत्तेचाळीस अधिक अडतीस मांडलं. "आधी चाळीस नि तीस, मग सात नि आठ. मुलांना त्यांच्या पद्धतीने करू द्या." सगळ्यांनी उतरवून घेतलं. ढोबळेबाईंचं पेन मात्र थांबलं.

वीस वर्षांपूर्वी त्यांच्या तिसरीच्या वर्गातली शाहीन अशीच बेरीज करायची. उत्तर बरोबर यायचं, तरी बाई लाल फुली मारायच्या. "हातचा कुठंय? शिकवलंय तसंच कर!" पुढे पुढे शाहीन गणिताची वही कोरीच ठेवू लागली.

संध्याकाळी बाई तिच्या शिवणाच्या दुकानात गेल्या. "शाहीन, तुझी गणितं बरोबर होती गं. चुकत मी होते."

शाहीनने लगबगीने खुर्ची पुढे केली. "वाईट नका वाटून घेऊ, बाई," ती हसून म्हणाली. "मला मुळातच गणिताचं डोकं नव्हतं."