चार दरवाजे, एक वॉचमन

ते वाक्य सातव्यांदा वाचल्यावर मेघाने स्वतःचा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल उघडला.

वाक्य साधंच होतं. संगणक कामात किती वेळा अडखळतो, हे मोजायची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असते, आणि त्या सोयीच्या माहितीपानावर लिहिलं होतं: ‘आकड्यासोबत एकूण वेळ आणि प्रत्यक्ष मोजणीचा वेळ हेही वाचता येतात.’ वाचता येतात, बरं. पण वाचून करायचं काय? ते सांगायचं लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेलं पान. बाकीच्यांनी आपली डोकी फोडावीत.

आज जळगावच्या घरी काम करताना मेघाला त्याचा अर्थ उमगला. एकाच वेळी बऱ्याच गोष्टी मोजायला सांगितल्या, तर संगणक आळीपाळीने मोजतो. म्हणजे मिळतो तो तुकड्याचा आकडा. एकूण वेळ आणि मोजणीचा वेळ यांच्या प्रमाणात तो वाढवून घ्यायचा असतो.

दोन वर्षांपूर्वी तिने तो वाढवला नव्हता.

तेव्हा धुळ्याच्या ऑफिसात दोघं जण वर्षभराच्या करारावर होते, मेघा आणि अभिमन. पक्की जागा एकच. प्रेमराज सरांनी दोघांचे प्रोग्राम मोजायचं काम मेघावरच सोपवलं. अभिमनचा प्रोग्राम तिने एकटा मोजला, स्वतःचा इतर तीन गोष्टींबरोबर. अभिमनचा चौपट अडखळतो, असं निघालं. सोळा जुलैला तिचा अहवाल सगळ्यांना गेला, सतराला बैठक झाली. बैठकीत अभिमन एक शब्द बोलला नाही. बोलण्यासारखं काही नसेल, असं तिला वाटलं होतं. महिनाअखेरीस तो गेला, ती पक्की झाली.

पक्की झाली नसती तर घरच्यांनी तिला परत बोलावून पहिल्या येईल त्या स्थळाशी लग्न लावून दिलं असतं. हे गावभर सगळ्यांना ठाऊक होतं. आता तिचं लग्न झालं होतं, तेही तिच्या पसंतीने, आणि नोकरीही चालू होती. सगळं छान चाललं होतं आणि सगळं एका चुकलेल्या आकड्यावर उभं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

दोन दिवसांनी आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया होती. माहेरी जाताना ती शिंदखेड्याला उतरली. अभिमन तिच्याच गावचा. आता शिंदखेड्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लॅपटॉपचं बिजागर तुटलं होतं, तेवढाच बहाणा.

“कव्हय उनी बहीन?” कधी आलीस, असं विचारत अभिमनने स्टूल पुढे केलं. “बस. चहा सांगस.”

“चहा नको भाऊ. आधी ऐकून घ्या.” आणि तिने सगळं सांगून टाकलं. पर्समधून एक कागद काढला. “सरांना पत्र लिहिलंय. चूक माझी होती, असं. आज पाठवते.”

अभिमन बिजागराचे स्क्रू काढत राहिला. मान वर न करता म्हणाला, “जाऊ दे ना. जे व्हयनं ते व्हयनं. मन्हं दुकान बरं चाली ऱ्हायनं.”

“असं कसं जाऊ दे? तुमची नोकरी गेली.”

“साहेबले काही लिखू नको,” तो म्हणाला. “त्या पानले लिख. दुसरा कोनी फसाले नको.”

हे तिला पटलं. तिथेच बसून तिने त्याच्या जुन्या संगणकावर दुरुस्तीचा मजकूर लिहायला घेतला, पण आळीपाळीचं ते प्रकरण सोप्या शब्दांत काही उतरेना. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

“आसं लिख,” अभिमन म्हणाला. “बाजार समितीले चार दरवाजा, वॉचमन एकच. घंटाभरमा एकेक दरवाजावर पंधरा मिनिट उभा ऱ्हास. त्यानी मोजेल गाड्या खऱ्याच, पन बठ्ठ्या नहीत, बाकीन्या सुटी ग्यात. चारपट कर, तव्हय घंटाना आकडा भेटी. अंदाजेच, बरं का.”

मेघा बघतच राहिली. अर्ध्या तासापूर्वी ऐकलेली गोष्ट गड्याने किती पटकन पकडली! अशा माणसाला आपण घालवलं, या विचाराने तिला आणखी वाईट वाटलं. तिने वॉचमन जसाच्या तसा मजकुरात घातला आणि तो पान सांभाळणाऱ्यांकडे पाठवून दिला.

लॅपटॉप हातात घेत तिने पैसे विचारले. अभिमन चक्क रागावला.

“आखाजीले गावनी लेककडथून पैसा लेतस का कोनी?”

सरांना लिहिलेलं पत्र तिने फाडलं नाही; पर्समध्ये ठेवलं. पण गावी पोचेपर्यंत मन बरंच हलकं झालं. निदान त्याने माफ तरी केलं होतं.

आखाजीच्या सकाळी चिंचेला झोके बांधले होते. पोरी गाणी म्हणत होत्या. झोक्याच्या रांगेत उभी असताना मेघाच्या मोबाइलवर उत्तर आलं, परक्या देशातून, मोजक्या इंग्रजीत.

दुरुस्ती बरोबर आहे, आज लावत आहोत, असं पान सांभाळणाऱ्याने लिहिलं होतं. मात्र हीच दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी सोळा जुलैलाही आली होती, चार दरवाजे आणि वॉचमन यांच्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणाऱ्यानेच ती मागे घेतली, आणि मग ती राहूनच गेली. त्याबद्दल त्याने क्षमा मागितली होती. खाली ते जुनं पत्र जोडलेलं होतं.

“माझी सूचना कृपया आत्ताच लावू नका, आजच्या बैठकीत हे पान उघडतील,” अभिमनने लिहिलं होतं. “हे पान वाचून जिचं गणित चुकलं, ती माझ्या गावची लेक आहे.”