चौदा हजार वर्षांचं पाणी

वस्तीच्या बोअरच्या तपासणीला आलेल्या ढोबळेबाईंना सखूअक्कांनी गूळ आणि त्याच बोअरचं पाणी दिलं. बाईंचं यंत्र बोअरच्या पाण्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून त्याचं वय काढत होतं. बाईंनी अर्धं फुलपात्र संपवलं, तेवढ्यात आकडा उमटला: चौदा हजार वर्षं. दहा हजारांपेक्षा जुनं पाणी पुन्हा भरून येत नाही, म्हणून असं बोअर त्याच दिवशी बंद करायचा कायदा होता.

"वस्तीला हे एकच बोअर आहे," अक्का म्हणाल्या.

बाईंनी पिशवीतून सील काढलं. उरलेलं पाणी आता पिऊन संपवावं असं त्यांना वाटेना. फुलपात्र घेऊन त्या नकळत हंड्याकडे वळल्या.

अक्कांनी त्यांचा हात धरला. "उष्टं परत ओतू नका, बाई. एवढ्या वर्षांनी वर आलंय. आधी प्या, मग लावा सील."