पाहुण्यांची चटई

"तुम्ही तिकडे, पाहुण्यांच्या चटईवर," शेजारीण राकेराने बोट दाखवलं, आणि व्हर्ला तिकडे जाऊन बसली.

म्हणजे अजून पाहुणीच. गावात येऊन वर्ष होत आलं, नवरा याच गावच्या मातीत पुरून तीन आठवडे झाले, तरी पाहुणी. बरोबरच होतं म्हणा. उद्याच्या विमानाने ती निघणार होती, आणि निघालेल्या माणसाला घरचं कोण म्हणतं?

मनेआबा, म्हणजे गावाचं ते भिंती नसलेलं थोरलं छप्पर, सकाळीच गच्च भरलं होतं. ईस्टरचा, प्रभू पुन्हा उठल्याचा दिवस. प्रत्येक घराणं आपापल्या खांबाशी, बापजाद्यांच्या जागेवर मांडी घालून बसलेलं. त्या जागा कुणी कुणाला शिकवत नाही. रांगतं पोरसुद्धा बरोबर आपल्याच चटईकडे वळतं. बाहेर निरफणस भाजत होते. एका पोरीने कौतुकाने व्हर्लाच्या मानेवर मूठभर पावडर शिंपडली, तशी ती इथे सगळ्यांवरच शिंपडतात, आणि ती हसत पुढे गेली.

व्हर्ला आणि ऑरिन आयडाहोहून आलेले, चर्चच्या सेवेला. सत्तरी ओलांडली की माणसं गुडघ्यांना तेल चोळत घरी बसतात. यांनी बटाट्याचं शेत मुलाच्या हवाली केलं आणि समुद्रातल्या या चिंचोळ्या पट्टीवर येऊन, प्रभू मेलेल्यांतून उठला आहे, आपली गेलेली माणसंही उठतील, असं दारोदार सांगत फिरले. सांगायचा तो. ही मान डोलवायची. ऑरिनचं गावात लगेच जमलं. पाण्याच्या टाक्या दुरुस्त कर, म्हाताऱ्यांची थट्टा कर, गावच्या भाषेत चुकीचं बोल आणि सगळ्यांआधी स्वतः हस. मग एका दुपारी टाकीपाशीच त्याच्या छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. विमान आठवड्यातून एकदा. त्या उन्हात वाट बघणं शक्यच नव्हतं. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस तेकाबू, त्याने आपल्या घराशेजारी, आपल्या आईबापाच्या कबरींजवळ त्याला जागा दिली.

"आई, आता पुरे झालं, घरी ये," मुलगा फोनवर म्हणाला होता. जायला तिची ना नव्हती. पण ऑरिनला इथे एकटा टाकून जायचं, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. उद्यापासून त्या कबरीला कोण होतं इथे? आणि खरं सांगायचं तर, प्रभू उठला, हे ती अजूनही म्हणायची. ऑरिन उठेल, असं म्हणताना मात्र जीभ अडखळायची. हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

प्रार्थना संपली. तेकाबू ताठ बसला आणि खणखणीत आवाजात एकेका घराण्यातल्या माणसांची नावं पुकारू लागला. ज्याचं नाव येई तो म्हणे, "आहे." शाळेतल्या हजेरीसारखंच सगळं. व्हर्लाचं अर्धं लक्ष उद्याच्या सामानाकडे होतं.

मग तेकाबूने राकेराच्या आईचं नाव घेतलं.

व्हर्लाने मान वर केली. त्या बाईला नाताळाच्या आधीच पुरलं होतं. चटईत गुंडाळताना व्हर्लाने स्वतः तिचे पाय धरले होते.

"आहे," राकेरा म्हणाली. शेजारणीने मीठ मागितलं आणि घरात आहे म्हणून सांगितलं, इतकं साधं.

पुढचं नाव समुद्रावरून परत न आलेल्या एका कोळ्याचं होतं. "आहे," त्याची बायको म्हणाली. मग एका तान्ह्याचं. "आहे," त्याचा बाप म्हणाला.

व्हर्ला शेजारच्याच चटईवरच्या राकेराकडे झुकली. "अगं, ही तर गेलेली माणसं."

"मग आज नाही बोलवायचं तर कधी बोलवायचं त्यांना?" राकेरा कुजबुजली. "वर्षभर तुम्हीच ना सांगत होता?"

नावं चालूच होती. शेवटी तेकाबूचं स्वतःचं घराणं आलं. आईबापाचं, भावांचं, सगळ्यांचं 'आहे' त्यानेच सांगितलं. मग तो थांबला आणि म्हणाला, "ऑरिन."

तेकाबूच्या घरचं कुणी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि ते सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"तुम्हीच सांगा ना," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्या घरात घेतलंय त्याला."

"घेतलंय काय, आमचाच आहे तो. माझ्या आईशेजारी झोपतो," तेकाबू म्हणाला. "पण त्याचं मी कसं सांगू, वहिनी? त्याची बायको धडधाकट बसलीये. तीही कुठे, तर पाहुण्यांत."

छपराखाली हशा पिकला. राकेराने तळहातात तोंड लपवलं.

"तुमच्याच लोकांनी बसवलं मला इथे," व्हर्ला म्हणाली.

"उद्या निघालेल्या माणसाला दुसरं कुठे बसवणार? तुमचं काय ते तुम्ही ठरवा. जागा आम्ही धरून ठेवलीये." त्याच्या दोघी सुना बाजूला सरकल्या. मधे चटई रिकामी होती, चांगली ऐसपैस.

मग त्याने पुन्हा, मघाच्याच आवाजात पुकारलं. "ऑरिन."

इतके दिवस आपण घरोघर जे सांगत फिरलो, ते या लोकांनी खरं धरलंय, आणि आपणच तेवढं धरलेलं नाही, हे व्हर्लाला त्या क्षणी कळलं. एवढं मोठं काही इतक्या जवळ असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ती उठली. या छपराखाली चालतात तशी कमरेत वाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी, सगळ्या गावादेखत ती पलीकडे गेली आणि दोघी सुनांच्या मधे, शेजारी ऑरिनपुरती जागा सोडून, एका कडेला टेकली.

"आहे," ती म्हणाली. "आम्ही दोघंही आहोत."