स्पीड एक घर खाली

सून आंघोळीला गेली, बाथरूममध्ये बादलीचा आवाज सुरू झाला, तशी शैलाताईंनी गेमचा रिमोट उचलला. सेटिंग, मग स्पीड, मग डावीकडचा बाण. एक घर खाली. टीव्ही बंद करून त्या कोथिंबीर निवडायला बसल्या, जसं काही झालंच नाही.

चोरी म्हणा हवं तर. पण सुनेच्या भल्यासाठी केलेली चोरी, तिचं कसलं आलंय पाप!

झालं होतं असं. गेल्या सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांची सून रसिका स्टेजवर गिटार घेऊन बसली आणि अर्ध्या गाण्यात अडकली. बोटं थांबली ती थांबलीच. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या उर्मिलाबाई फिस्सकन हसल्या. "राहू दे गं, आमटीभात छान करतेस ना, पुष्कळ झालं!"

रसिका घरी आली आणि तिने गिटार कपाटावर टाकली. पण शैलाताईंचं डोकं फिरलं. मीरा रोडला येऊन वीस वर्षं झाली तरी परळचं पाणी होतं ते. माझ्या सुनेला हसता? पुढच्या वर्षी हीच पोरगी इथेच वाजवणार, आणि पुढे बसून ऐकाल सगळ्या!

मग मुलाने, स्वप्नीलने, गिटार शिकवणारा हा गेम आणला. गिटारची वायर त्याला जोडायची. टीव्हीवर गाण्याचे ड्रम वाजतात, एक लांबलचक रस्ता दिसतो, त्यावरून रंगीत ठोकळे पुढे येतात. ठोकळा खालच्या रेघेवर पोचला की त्या रंगाची तार छेडायची. ठोकळे रस्त्यावरून किती वेगाने यावेत, ते आपण ठरवायचं.

पहिल्याच दिवशी ते सुसाट येणारे ठोकळे बघून शैलाताई ओरडल्याच.

"अरे, जरा हळू कर की! पोरगी गांगरेल."

"आई, तुला त्यातलं नाही कळायचं," स्वप्नील म्हणाला.

नाही कळायचं? जन्मभर मिक्सरचं बटण फिरवलंय मी, म्हणे नाही कळायचं! स्वप्नील बोटाने कुठे काय दाबतो ते त्यांनी नीट बघून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी स्पीड एक घर खाली आला. चार दिवसांनी आणखी एक.

रसिकाने एकदाच विचारलं, "आई, तुम्ही सेटिंगला हात लावलात का?"

"छे गं! मला काय कळतंय त्यातलं?"

रसिका क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, हसली, आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

सुरुवातीला ती फार चुकायची. शैलाताईंचा जीव वरखाली व्हायचा, आणि स्पीड आणखी एक घर खाली जायचा. शेवटी ठोकळे मुंगीच्या पावलांनी यायला लागले, एकमेकांना चिकटून, सगळा रस्ता भरून. शैलाताईंना ते बघून बरं वाटायचं. घाई नाही, गडबड नाही.

पोरगी मेहनतीची, हे मात्र खरं. ऑफिसातून आली की चहा घेऊन गिटार हातात. टीव्ही बंद असला तरी गॅलरीत बसून तेच गाणं. पोळ्या लाटताना लाटण्यावर तिची बोटं चालायची. दिवाळीनंतर चुका थांबल्या. शैलाताई देवासमोर हात जोडून म्हणाल्या, "बघितलंस? माझा उपाय लागू पडला."

सव्वीस जानेवारीला टीव्ही खाली मांडवात न्यायचाच, असा शैलाताईंनी हट्ट धरला.

"चालेल आई. साथीला ड्रम तरी वाजतील," रसिका म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या शहांची पिंकीसुद्धा घरी हाच गेम खेळायची. टीव्हीची जोडणी तिनेच केली. मग रसिका स्टेजवर बसली. शैलाताई पहिल्या रांगेत, मुद्दाम उर्मिलाबाईंच्या शेजारी.

गाणं सुरू झालं. मागच्या वर्षी जिथे बोटं थांबली होती, ती जागा आली. शैलाताई खुर्चीत पुढे सरकल्या. ती जागा गेलीसुद्धा! आणि गंमत म्हणजे रसिका टीव्हीकडे बघतच नव्हती. ती शैलाताईंकडे बघून वाजवत होती, हसत होती. इतकं सोपं झालंय तिला, शैलाताईंच्या मनात आलं, की बघायचीसुद्धा गरज नाही.

टाळ्यांनी मांडव दणाणला. उर्मिलाबाई उभ्या राहून म्हणाल्या, "काय वाजवलं हो तुमच्या सुनेने!"

"माझीच सून ती," शैलाताई म्हणाल्या. त्यांचा ऊर असा भरून आला होता की गुपित काही पोटात राहीना. वायर गुंडाळणाऱ्या पिंकीला त्यांनी बाजूला ओढलं.

"कुणाला बोलू नकोस हां. तो स्पीड मी कमी केलाय. गुपचूप! हळू आलं की सोपं जातं ना!"



"आंटी, गाना तो उतनाही फास्ट चालतं. फक्त ठोकळे हळू सरकतात, म्हणून सगळे एकावर एक चढतात. उलटं कठीण होतं. इतक्या कमी स्पीडवर कोई पढ ही नहीं सकता. भाभीने पूरा गाना पाठ केलंय, स्क्रीन न बघता."

शैलाताईंच्या हातातला प्रसादाचा द्रोण कलंडला. "अगं, मग तिने स्पीड वाढवला का नाही?"

"मी गणपतीत तुमच्या घरी आले तेव्हाच वाढवून देत होते," पिंकी म्हणाली. "भाभीने माझा हात धरला. बोली, राहू दे, ते आईंनी माझ्यासाठी केलंय."