पाठीवरचा हिरवा दोरा

"हौसामावशी, झेलमचा पोशाख उसवा. सकाळी फोटो टाकला आणि दुपारपर्यंत दोन लाख चाहत्यांनी तिला नाकारलं," निर्माते दिनकरराव म्हणाले. "वीरांगना वाटतच नाही म्हणे."

झेलमचा हा पहिलाच सिनेमा होता. ती दारातच थिजली. चाळीस वर्षं नटनट्यांचे पोशाख शिवणाऱ्या मावशीने चष्मा चढवला आणि त्यांच्या मोबाइलवरच्या शिव्या एकेक अक्षर लावत वाचल्या. एकाने लिहिलं होतं, ‘पाठीवरचा हिरवा दोरा बघवत नाही.’

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तो दोरा कच्च्या शिलाईचा होता आणि फोटोआधीच तिने तो काढला होता. मापाच्या खोलीतल्या आरशाशिवाय तो कुणी पाहिलाच नव्हता. त्या आरशात मात्र कंपनीचा कॅमेरा होता आणि त्याची चित्रं थेट कंपनीच्या संगणकात जात.

"साहेब, ही माणसं नव्हेत. तुमच्या यंत्राने जन्माला घातलेत हे चाहते."

"हो," दिनकरराव शांतपणे म्हणाले. "आधी ते बोलतात. मग काय बोलायचं ते लोकांना कळतं."

"लोक काय एवढे खुळे आहेत?"

झेलमने आपला मोबाइल पुढे केला. तिच्या सख्ख्या भावाने लिहिलं होतं, ‘ताई, खरं सांगू? तू वीरांगना वाटतच नाहीस.’