टोचलं की सांगा

१९४६ साली बाबा आणि मी आईला कळंबहून बैलगाडीने कर्जतला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ उपटायची नाही, आतली नस काढून मूळ औषधाने धुवायचं, असं त्यांनी ठरवलं. बारीक सुई मुळात सारत ते म्हणाले, "टोचलं की सांगा, बाई. त्यावरूनच सुई कुठवर गेली ते मला कळतं."

आई गप्प होती. बाबा कौतुकाने म्हणाले, "आमची मंडळी लय सोशीक हाय, डाक्टर."

डॉक्टरांनी पिचकारीने मूळ धुतलं, तर रक्तच रक्त आलं. ते दचकले. "सुई मुळाच्या पार गेली की. ओरडला का नाही तुम्ही?"

आई चूळ थुंकून सहज म्हणाली, "वरडलं की आनखी मार बसतो ना."

बाबांची मान खाली गेली.

डॉक्टर पुढे पुण्याला गेले. ती दाढ आईला जन्मभर पुरली. बाबांनी परत तिच्यावर हात उचलला नाही, पण तिच्याबरोबर दवाखान्याची पायरीही कधी चढले नाहीत. ती गेली त्या दिवशीसुद्धा ते बाहेरच्या बाकावरच बसून होते.